दोन शेकरू, एक प्रश्न

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यवहारात एक गोष्ट सर्वमान्य आहे. चुकीच्या कपाटात गेलेला ग्रंथ आणि हरवलेला ग्रंथ यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. ग्रंथ वास्तूत असतो, पण मागणाऱ्याच्या हाती लागत नाही. म्हणूनच १९१० साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञास वडोदऱ्यास पाचारण केले, तेव्हा ग्रंथांच्या वर्गीकरणाची पद्धती बसविणे हा त्यांच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग होता. ज्या नगरीत ग्रंथालय चळवळीचा पाया असा पद्धतशीरपणे घातला गेला, त्या नगरीतील श्रोत्यांपुढे वर्गीकरणाचे महत्त्व विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र हाच न्याय सजीव सृष्टीसही लागू पडतो, आणि तेथे चुकीच्या कप्प्यात पडलेली वस्तू कधी कधी कायमची नाहीशी होते, याकडे लक्ष वेधणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण अगदी जवळचे आहे. सह्याद्रीतील शेकरू आणि दक्षिणेकडील त्याचा भाऊबंद असलेले करडे शेकरू, हे ते दोन प्राणी होत.

खार म्हटली की मराठी मनापुढे सेतुबंधनाच्या कथेतील, वाळूचे कण वाहणारी आणि प्रभू रामचंद्रांच्या बोटांचे पट्टे पाठीवर मिरविणारी चिमुकली खार उभी राहते. अंगणातील या खारीच्या दोन जाती सामान्यतः दिसतात. दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, तर उत्तरेकडील खारीच्या पाठीवर पाच. शेकरूच्या पाठीवर एकही पट्टा नसतो. ते या खारीच्या अनेक पट मोठे असते. डोके व धड मिळून सुमारे एक ते दीड फूट, तेवढीच किंवा त्याहून लांब झुपकेदार शेपूट आणि वजन दीड ते दोन किलो, असा त्याचा डौल असतो. अंगणातील खार माणसाच्या सावलीत वाढते. शेकरू मात्र उंच वृक्षांच्या शेंड्यांवर राहते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. दोघांनाही व्यवहारात खारच म्हटले जात असले, तरी त्यांचे नाते वाटते तितके निकटचे नाही. ते नाते समजण्यासाठी प्रथम त्यांच्या मोठ्या घराण्याची ओळख करून घेणे उचित ठरेल.

सस्तन प्राण्यांच्या ज्या गणात खारी, उंदीर, घुशी आणि साळिंदर यांचा समावेश होतो, त्यास मराठी परिभाषेत कृंतक गण असे म्हणतात. कृंतक म्हणजे कुरतडणारे. वरच्या व खालच्या जबड्यांत पुढच्या बाजूस पटाशीच्या दातांची एकेक जोडी, त्या दातांची आयुष्यभर चालणारी वाढ, आणि पटाशीचे दात व दाढा यांच्यामधील मोकळी जागा ही या गणाची ठळक लक्षणे होत. दात सतत वाढत असल्याने ते सतत झिजविणे या प्राण्यांना भाग असते. उंदीर कपाटातील ग्रंथ कुरतडतो तो काही केवळ भुकेपोटी नव्हे, हे ग्रंथपालांनी तरी ध्यानी घ्यावयास हवे. जगातील सस्तन प्राण्यांच्या एकंदर जातींपैकी सुमारे चाळीस टक्के जाती या एकट्या गणात मोडतात.

या गणाच्या सीमारेषाही एकदम निश्चित झालेल्या नाहीत. दिसण्यावरून उंदरासारखी वाटणारी चिचुंद्री मुळात कृंतक नाहीच; ती कीटकभक्षक प्राण्यांच्या शाखेतील आहे. ससा दीर्घकाळ कृंतकांत गणला जात होता. परंतु त्याच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या मोठ्या दातांमागे लहान दातांची आणखी एक जोडी असते. या व अन्य भेदांमुळे १९१२ साली त्याचा स्वतंत्र गण मानण्यात आला. केवळ बाह्य साम्यावर विसंबून केलेले वर्गीकरण कसे फसते, याची ही दोन बोलकी उदाहरणे आहेत.

कृंतक गणात खारींचे एक स्वतंत्र कुल आहे. या कुलाची अंतर्गत मांडणी पूर्वी प्रामुख्याने कवटी, दात व बाह्य शरीररचना यांच्या आधारे होत असे. २००३ व २००४ या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने त्या मांडणीत महत्त्वाचे फेरबदल झाले आणि खारींच्या कुलात पाच उपकुले मानली जाऊ लागली. त्यांपैकी एक उपकुल केवळ शेकरूंचे आहे. अंगणातील पट्टेवाली खार निराळ्या उपकुलात गेली. रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणारी उडती खार तिसऱ्याच उपकुलात, युरोप-अमेरिकेतील सामान्य खारींच्या जवळ जाऊन बसली. म्हणजे शेकरू ही काही वाढून मोठी झालेली खार नव्हे. खारींच्या वंशवृक्षावर फार पूर्वी वेगळी फुटलेली ती एक प्राचीन शाखा आहे.

शास्त्रीय परिभाषेत कुलाखाली प्रजाती, प्रजातीखाली जाती आणि जातीखाली उपजाती अशी उतरंड असते. वृत्तपत्रांतून जाती व प्रजाती हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात, म्हणून हा खुलासा. शेकरूंच्या उपकुलात रॅट्युफा ही एकच प्रजाती आहे आणि तिच्यात आज चार जाती मानल्या जातात. त्यांतील एक आग्नेय आशियातील आहे. दुसरी, काळ्या पाठीची व फिकट पोटाची, नेपाळ व ईशान्य भारतापासून पुढे इंडोनेशियापर्यंत पसरलेली आहे. उरलेल्या दोन जाती म्हणजे आजच्या विवेचनाचे विषय : रॅट्युफा इंडिका, म्हणजे महाराष्ट्राला परिचित असलेले शेकरू, आणि रॅट्युफा मॅक्रोउरा, म्हणजे करडे शेकरू. तमिळ भाषेत पहिल्याला 'मलै अणिल', म्हणजे डोंगरी खार म्हणतात, तर दुसऱ्याचे नाव त्याच्या राखेसारख्या रंगावरून पडले आहे. श्रीलंकेत दुसऱ्याला सिंहली भाषेत 'दंडु लेना' असे म्हणतात. भारतातील करड्या शेकरूच्या उपजातीचे 'डंडोलेना' हे शास्त्रीय नाव या सिंहली शब्दावरूनच आले आहे.

दोन्ही प्राण्यांच्या नामकरणाचा इतिहासही उद्बोधक आहे. टॉमस पेनंट या ब्रिटिश निसर्गाभ्यासकाने १७६९ साली सिलोनमधील मोठ्या शेपटीच्या खारीस मॅक्रोउरा हे नाव दिले. या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'लांब शेपटीची' असा आहे. याच पेनंटने पुढे 'बाँबे स्क्विरल' या नावाने आणखी एका मोठ्या खारीचे वर्णन केले, आणि एर्क्सलेबेन या जर्मन अभ्यासकाने १७७७ साली तिला इंडिका हे शास्त्रीय नाव बहाल केले. त्यामुळे शास्त्राच्या दप्तरी या जातीचे मूळ स्थान मुंबई असे नोंदले गेले. या नावात एक योगायोगाचे औचित्यही आहे. इंडिका ही जाती केवळ भारतातच आढळते. देशाच्या सीमेबाहेर तिचे अस्तित्व नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात दख्खनची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांना सह्याद्रीच्या दाट रानांत तांबूस पाठीचे व फिकट शेपटीचे शेकरू आढळले. त्यांनी १८३१ साली ते स्वतंत्र जाती म्हणून प्रसिद्ध केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव त्यास दिले. मलबारकडील शेकरूची पाठ काळी व लालसर आणि शेपूट काळी असते. त्यासही आधीपासून वेगळे नाव होते. अशा रीतीने एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या रंगछटांना निरनिराळी नावे मिळत गेली. या गोंधळात सुसूत्रता आणण्याचा मोठा प्रयत्न डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८९७ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केला. या सर्व रंगछटा एकाच जातीच्या स्थानिक उपजाती होत, अशी त्यांची भूमिका होती. या लेखातच त्यांनी सुरत जिल्ह्यालगतच्या डांगच्या रानातील, फिकट, जवळजवळ पांढुरक्या शेकरूस 'डील्बाटा' हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चुन्याने पांढरे केलेले, सफेदी दिलेले असा होतो. हे नाव येथे विशेष लक्षात ठेवावे. व्याख्यानाचा शेवट याच नावाशी येऊन थांबणार आहे.

उपजाती किती, याबाबत मात्र पुढेही एकमत झाले नाही. रायली यांनी १९१३ साली सातपुड्यातील शेकरूला वेगळे नाव दिले. हुमायून अब्दुलअली व जे. सी. डॅनियल यांनी १९५२ साली या सर्व उपजातींचा पुन्हा आढावा घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जगातील सस्तन प्राण्यांच्या एका प्रमाणभूत सूचीत मात्र चारच उपजाती मान्य केल्या गेल्या. साइक्स यांचे एल्फिन्स्टनी हे नाव त्यात स्वतंत्र राहिले नाही. डांगचे डील्बाटा मात्र टिकले. विद्वानांचा हा मतभेद केवळ शाब्दिक आहे असे वाटण्याचा संभव आहे. तो तसा का नाही, हे संरक्षणाचा विचार सुरू होताच स्पष्ट होईल.

तत्पूर्वी या दोन जातींच्या राहणीतील साम्यभेद पाहणे आवश्यक आहे. दोन्ही दिनचर आहेत, दोन्ही वृक्षवासी आहेत आणि बहुधा एकेकटेच वावरतात. फळे, बिया, फुले, कोवळी पाने व झाडांची साल हा त्यांचा आहार. खाताना शेकरू मागच्या पायांनी फांदीस धरून राहते, पुढचे हात मोकळे ठेवते आणि लांब शेपटीने तोल सांभाळते. तराजूच्या दांडीप्रमाणे एकीकडे शेपूट आणि दुसरीकडे धड, असे ते दृश्य असते. उंच झाडांच्या बेचक्यांत काटक्यापानांची गोलसर घरटी ते बांधते. एकाच प्राण्याची अशी अनेक घरटी असतात. उंदरांप्रमाणे भरमसाट वीण मात्र यांच्या वाट्यास आलेली नाही. एका वेळी बहुधा एकच, फार तर दोन-तीन पिले होतात. कृंतक म्हटले की अमर्याद प्रजा, हा जो सार्वत्रिक समज आहे, तो येथे साफ खोटा ठरतो. संख्या घटली तर ती भरून काढण्याची त्यांची शक्ती अत्यंत मर्यादित आहे.

या दोघांच्या जगण्याचा खरा आधार म्हणजे झाडांच्या शेंड्यांचे सलग छत. शेकरूला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे वीस फुटांची झेप घेता येते. पण दोन वृक्षांतील अंतर त्याहून वाढले, की त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि तेथे त्याचे शत्रू असतात. मध्य भारतात बोरी येथे अपराजिता दत्ता व एस. पी. गोयल यांनी नदीकाठच्या दोन रानांची तुलना केली. शेकरूच्या वावराचा संबंध रानाच्या रचनेशी कसा असतो, याचा तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९९३ साली, रेनी बोर्जिस यांनी महाराष्ट्रातील भीमाशंकर व कर्नाटकातील मागोड येथील शेकरूंविषयी लिहिताना, रानात फळांची टंचाई असते त्या दिवसांत उंबरवर्गीय वृक्षांची भूमिका काय, हा प्रश्न हाताळला होता. शेकरूला वर्षाच्या प्रत्येक महिन्यात काही ना काही देणारे रान हवे. म्हणून वृक्षांची विविधता आणि वृक्षांचे सान्निध्य या दोन्हींची त्याला सारखीच आवश्यकता असते.

दोघांतील भेद मुख्यतः वस्तीचा आहे. इंडिका सह्याद्रीच्या ओल्या व निमओल्या रानांपासून सातपुडा, मध्य भारत आणि पूर्व घाटापर्यंत पसरलेले आहे. गोव्यातील मोले व म्हादईच्या खोऱ्यात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात ते आजही दिसते. मॅक्रोउराचा विस्तार त्या मानाने अगदी आकुंचित आहे. श्रीलंकेत ते बऱ्याच भागांत आढळते. परंतु भारतात तमिळनाडू, केरळ व कर्नाटक यांच्या सरहद्दीलगतच्या काही मोजक्याच रानांत त्याची वस्ती उरली आहे. विरुधुनगर जिल्ह्यातील श्रीविल्लिपुत्तूरची टेकडी, केरळातील चिन्नार आणि कावेरीकाठचे अभयारण्य ही त्यांतील प्रमुख ठिकाणे. कोरड्या प्रदेशातील नदीकाठची अरुंद झाडी हे करड्या शेकरूचे खरे घर. अर्जुन, चिंच व आंबा यांसारखे मोठे वृक्ष पाण्याच्या आधाराने जेथे उभे राहतात, तेथेच ते राहते. दोन्ही जाती श्रीविल्लिपुत्तूरच्या डोंगररांगेत आढळतात. परंतु तेथेही इंडिका उंचावरील ओल्या रानात आणि मॅक्रोउरा खालच्या कोरड्या उतारांवरील झाडीत, अशी विभागणी दिसते. नदीकाठाची झाडी ही निसर्गतःच पट्टीसारखी अरुंद असते. ती एका ठिकाणी तुटली तर पुढच्या झाडीकडे जाण्याचा मार्गच बंद होतो.

आता संरक्षणाच्या दर्जाकडे वळू. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ १९६४ पासून संकटग्रस्त जातींची लाल यादी ठेवतो. एखाद्या जातीची संख्या किती वेगाने घटते आहे, तिचा विस्तार किती उरला आहे व त्याचे किती तुकडे झाले आहेत, या निकषांवर तिला नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप अथवा अल्पतम चिंतेची, यांपैकी एखादा दर्जा दिला जातो. या यादीत इंडिका 'अल्पतम चिंता' या दर्जात, तर मॅक्रोउरा 'संकटसमीप' या दर्जात नोंदलेले आहे. दोघांचीही संख्या घटत आहे, अशी नोंदही सोबत आहे. देशांतर्गत पातळीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांच्याही शिकारीस बंदी घातली आहे. संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तर रॅट्युफा प्रजाती संपूर्ण समाविष्ट आहे.

या दर्जांचा व्यवहारात परिणाम काय झाला? करड्या शेकरूसाठी १९८८ साली श्रीविल्लिपुत्तूर येथे सुमारे ४८५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, आणि ते त्या प्राण्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. २०२१ साली मेघमलैसह हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८५ साली, भीमाशंकर येथे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य मुख्यतः शेकरूच्या रक्षणासाठी निर्माण झाले होते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणीही ठरला. ज्योतिर्लिंगाच्या परिसरातील देवराई आणि अभयारण्य यांच्या आधाराने तेथील शेकरू टिकून आहे. या गोष्टी निःसंशय समाधानाच्या आहेत.

परंतु येथेच वर्गीकरणाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. लाल यादीचे एकक मुख्यतः जाती हे आहे. ती संपूर्ण जातीची सरासरी सांगते. मॅक्रोउराचा 'संकटसमीप' हा दर्जा श्रीलंकेतील तुलनेने बऱ्या स्थितीतून आणि भारतातील बिकट स्थितीतून मिळून तयार झालेला आहे. केवळ भारतातील तुटक वस्त्या पाहिल्या तर परिस्थिती त्या शब्दाहून अधिक गंभीर आहे. जे. जोशुआ व ए. जे. टी. जॉनसिंह यांनी १९९४ साली दक्षिण भारतातील करड्या शेकरूविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात मानवी हस्तक्षेपाचा त्याच्या अधिवासावर व संख्येवर होणारा परिणाम हाच विषय होता, आणि त्यांनी त्या प्राण्यास संकटग्रस्तच म्हटले होते. इंडिकाचा 'अल्पतम चिंता' हा दर्जाही असाच आहे. भीमाशंकर, सातपुडा, मलबार यांची बेरीज करता चिंता अल्पतम ठरते. पण बेरजेत एखादी राशी शून्य झाली, तरी बेरजेचा आकडा फारसा हलत नाही.

ती शून्य झालेली राशी म्हणजे डांगचे पांढुरके शेकरू. ब्लॅनफर्ड यांनी १८९७ साली ज्याचे नामकरण केले, ते डील्बाटा आज नामशेष झाले असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. सह्याद्रीच्या उत्तर टोकाची ही उपजाती होती, आणि टोकाला राहणाऱ्यांवर घाला नेहमी आधी पडतो. डांगच्या सागवानाकडे ब्रिटिशांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वळले होते. १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून त्यांनी रानाचे पट्टे घेतले. आहव्याच्या डांग दरबारात त्या राजांच्या वारसांना दरवर्षी दिले जाणारे मानधन या व्यवहारातूनच उद्भवले आहे. पुढे तोड झाली, वणवे झाले, शेतीसाठी जमीन मोकळी झाली, आणि मिश्र रानाच्या जागी ठिकठिकाणी एकट्या सागाची लागवड उभी राहिली. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. ज्याला बारा महिने पानाफळांचे सलग छत हवे, त्या प्राण्याची अशा रानात कशी आबाळ होत असेल, याची कल्पना करता येते. १९६० साली मुंबई राज्याची विभागणी होऊन डांग गुजरातेत आला. पुढे १९७९ साली जवळच्या वांसदा येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९० साली पूर्णा अभयारण्य झाले. रान राखण्याची व्यवस्था झाली. पण ज्या रहिवाशाच्या नावे ती शोभली असती, तो रहिवासी तोवर निघून गेलेला होता.

आता मघाचा विद्वानांचा वाद पुन्हा आठवावा. डील्बाटा ही खरी वेगळी उपजाती असेल, तर तिच्या जाण्याने पृथ्वीवरील एक विशिष्ट जीवरूप कायमचे पुसले गेले. ते कोठूनही परत आणता येणार नाही. ती केवळ एक स्थानिक रंगछटा असेल, तर डांगचे रान रिकामे झाले असले तरी शेकरू शिल्लक आहे, आणि रान पुरेसे सावरल्यास शेजारच्या सह्याद्रीतून ते पुन्हा आणण्याचा विचार तरी करता येईल. पहिल्या पक्षी हा मृत्यू आहे, दुसऱ्या पक्षी हे स्थलांतर आहे. निर्णय अखेर संग्रहालयांतील जुन्या कातड्यांवर आणि त्यांतून मिळू शकणाऱ्या आनुवंशिक पुराव्यावर अवलंबून राहील. म्हणजे, ज्याला कोणी कोरडे नामकरण म्हणेल, त्याच्यावरच एका रानाची आशा अवलंबून आहे.

काहींचे म्हणणे असे असू शकेल, की मुळात जाती सुरक्षित असता एका उपजातीसाठी इतकी खंत कशाला? हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. साधने अपुरी असतात, आणि वाघ, माळढोक, गिधाड यांसारख्या अधिक बिकट अवस्थेतील प्राण्यांकडे ती आधी वळणे स्वाभाविक आहे. परंतु कोणतीही जाती एकदम नामशेष होत नाही. ती कडांकडून आत, तुकड्यातुकड्याने आटत जाते. प्रत्येक तुकडा जाताना बाकीचे अजून पुष्कळ आहे, असेच उत्तर मिळत असते. कोणताही ग्रंथसंग्रह एका रात्रीत नष्ट होत नाही. आधी कोपऱ्यातील दुर्लक्षित कपाटाला वाळवी लागते. सूचीपत्रातील नोंदी तशाच राहतात, म्हणून संग्रह पूर्ण आहे असे वाटत राहते.

उपाय काही अद्भुत नाहीत. सलग वृक्षछत्र राखणे, रस्ते रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्यांची गाठभेट तुटू न देणे, नदीकाठचे जुने वृक्ष न तोडणे, एकट्या सागाऐवजी उंबर, जांभूळ, आंबा, हिरडा यांचे मिश्र रान वाढू देणे, आणि लाल यादीतील जातीच्या दर्जावर विसंबून न राहता प्रत्येक रानाचा स्वतंत्र हिशेब ठेवणे. श्रीविल्लिपुत्तूरजवळ करडे शेकरू लगतच्या आमरायांतही येते. तेव्हा बागाइतदाराचे नुकसान आणि प्राण्याचे रक्षण यांचा मेळ घालणे हेही त्या हिशेबाचेच अंग आहे. एकट्या वनखात्याने होणारे हे काम नाही.

आणि यात ग्रंथालयांचा वाटा थोडा नाही. डांगच्या रानात पांढुरके शेकरू होते, याचा पुरावा आज रानात नाही. तो १८९७ च्या एका नियतकालिकाच्या पानांत आणि संग्रहालयातील जुन्या कातड्यांत आहे. जुनी गॅझेटियरे, वनखात्याचे वार्षिक अहवाल, संस्थानी काळातील शिकारीच्या नोंदी आणि प्रवासवर्णने ही आज कोणी फारशी न चाळणारी बाडे म्हणजे हरवलेल्या रहिवाशांच्या जन्ममृत्यूची नोंदवही आहे. शंभर वर्षे जपलेल्या ग्रंथालयात अशी बाडे असतील, तर त्यांची सूची व्हावी, त्यांतील प्राणिनोंदी कोणी अभ्यासकाने वेचून काढाव्यात, असे सुचवावेसे वाटते. ग्रंथ योग्य कपाटात असेल तर शंभर वर्षांनीही तो वाचकाच्या हाती येतो. रानाचे मात्र तसे नाही. तेथे रिकामी झालेली जागा पाहून, ती कोणाची होती हे सांगणारा कोणीतरी उरावा लागतो. ते सांगण्याचे काम आता डांगच्या रानात होऊ शकत नाही. ते येथे, या कपाटांत व्हावयाचे आहे.